रानपिंगळा: ११३ वर्षं हरवलेला पक्षी आणि पूर्णा-तापीची वाट

(या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, वाचायला सोपं जावं म्हणून मधेमधे मथळे टाकलेत.)



आजची गोष्ट चांदूर बाजारपासून सुरू होते. अमरावती जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव घेतलं की संत्री आठवतात, कपाशी आठवते, माधानचे गुलाबराव महाराज आठवतात. पक्षी मात्र सहसा कोणाला आठवत नाहीत. पण या तालुक्यातून जी पूर्णा नदी वाहते, ती पुढे जिला मिळते त्या तापीच्या खोऱ्यात पक्षिशास्त्रातली एक फार मोठी शोधकथा घडली. आणि त्याच खोऱ्याच्या नावावर एक तेवढीच मोठी लबाडीही खपवली गेली. या दोन्हींच्या मधे अडकलेला पक्षी म्हणजे आपला रानपिंगळा. साधारण वीतभर उंचीचं घुबड. ११३ वर्षं तो जगाच्या लेखी बेपत्ता होता.

आता तुम्ही म्हणाल, घुबड हरवलं तर इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये त्याचं काय काम? काम आहे. कारण ही गोष्ट जितकी पक्ष्याची आहे तितकीच नोंदीची आहे. कोण लिहितं, काय लिहितं, आणि खोटं लिहिलं तर किती पिढ्या चुकीच्या रस्त्याला लागतात, हे या गोष्टीत स्पष्ट दिसतं.

एक डोंगर, दोन उतार

आधी जमीन समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पूर्णा उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीजवळ. सातपुड्यातून खाली उतरते आणि चांदूर बाजार तालुक्यात येते. विश्रोळीला तिच्यावर धरण आहे. तिथून पुढे ती पायनघाटात, म्हणजे वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातीत शिरते. अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडते. खारपाणपट्टा म्हणतात तो हिच्याच खोऱ्यातला. शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवला ती तापीला मिळते.

या मैदानाच्या उत्तरेला उभी आहे गाविलगडची डोंगररांग. परतवाड्यावरून घाट चढला की चिखलदरा, आणि पलीकडे मेळघाट. या रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन भाऊ होतात. दक्षिणेकडे उतरणारं पाणी चंद्रभागा, सापन, शहानूर अशा नद्यांमधून पूर्णेत जातं. उत्तरेकडे उतरणारं पाणी सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांमधून थेट तापीत जातं. घरातून भांडून वेगळ्या वाटांनी निघालेले हे दोघे भाऊ चांगदेवच्या संगमावर पुन्हा भेटतात. तिथून तापी खानदेशातून जाते, नंदुरबार जिल्ह्यात शहादा-तळोद्याच्या खालून वाहते, आणि गुजरातेत मांडवीवरून सुरतेला समुद्र गाठते.

शहादा, तळोदा, मांडवी. ही तीन नावं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

बंदूक आणि वही

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात आला. त्यांना इथे हवा होता कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ मध्ये भुसावळ-अकोला-बडनेरा-नागपूर हा लोहमार्ग पुरा झाला. कापसामागून अधिकारी आले, सर्व्हे करणारे आले, जंगलखातं आलं. उन्हाळा सोसवेना म्हणून साहेब मंडळी चिखलदऱ्याला चढू लागली. यातल्या काहींना पक्ष्यांचा नाद होता.

त्या काळी पक्षीनिरीक्षण म्हणजे दुर्बीण नव्हे, बंदूक. पक्षी मारायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे मिळाला, कधी, नर की मादी. आज आपल्याला हे क्रूर वाटेल, आणि आहेच. पण ती चिठ्ठी फार महत्त्वाची. चिठ्ठी नसलेला पक्षी म्हणजे नुसता पेंढा भरलेला बोळा.

मॅकमास्टर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७१ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर-कामठी, चिखलदरा आणि अकोला इथल्या पक्ष्यांवर टिपणं छापली. म्हणजे आपल्या भागातल्या पाखरांची छापील नोंद दीडशे वर्षांहून जुनी आहे. रानपिंगळ्याचं नाव मात्र तिच्यात असणं शक्यच नव्हतं, कारण त्याला तेव्हा नावच नव्हतं. शास्त्राला तो अजून माहीत व्हायचा होता.

नाव मिळालं दोन वर्षांनी. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या गृहस्थांना आजच्या छत्तीसगडमध्ये, बसना-फुलझर भागात, एक वेगळंच पिंगळं मिळालं. त्यांनी ते पाठवलं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना. हो, तेच ह्यूम, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. राजकारणाआधी ते हिंदुस्थानातल्या पक्षिशास्त्राचे सर्वेसर्वा होते. देशभरातून लोक त्यांना पक्षी आणि टिपणं पाठवत. १८७३ मध्ये त्यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात या पक्ष्याचं वर्णन केलं आणि ब्लेविटच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं.

आपला नेहमीचा पिंगळा तुम्ही पाहिलेला असतो. गावातल्या वडा-पिंपळाच्या ढोलीत, पडक्या वाड्यात, संध्याकाळी जोडीने कलकलाट करणारा. त्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोट पांढरं, डोकं आणि पाय अंगाच्या मानाने थोराड. आणि सर्वात मोठा फरक म्हणजे हे महाशय चक्क दिवसा वावरतात. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शेपटी हलवत असतात.

सात नमुने आणि रद्दी

ब्लेविटनंतर १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशातल्या खरियारकडे एक रानपिंगळा मिळाला. मग जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याला खानदेशात शहादा-तळोदा भागात काही मिळाले, शेवटचा १८८४ साली. सगळे मिळून अस्सल नमुने सात. संपलं. त्यानंतर कोणालाच काही मिळालं नाही.

त्याच दशकात ह्यूम यांच्यावर एक आघात झाला. पंचवीसेक वर्षं जमवलेली त्यांची हस्तलिखितं, टिपणं, पत्रव्यवहार सिमल्याच्या घरून एका नोकराने रद्दीत विकून टाकली. ह्यूम यांचं मन उडालं. उरलेला प्रचंड संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. देशभरच्या कोणाकोणाच्या नोंदी त्या रद्दीबरोबर पुड्या बांधायला गेल्या असतील, याचा विचार करा. त्यात वऱ्हाडातली एखादी असेल तर तीही गेली.

म्हणजे आता नकाशा कसा दिसतो बघा. पूर्वेला छत्तीसगड आणि ओडिशातले दोन ठिपके. पश्चिमेला शहादा-तळोद्याचे ठिपके. आणि मधे, सातपुड्याच्या सागवानी जंगलात, मेळघाटावर काहीच नाही. कोरा कागद.

कर्नलसाहेबांची करामत

आणि मग एक आठवा नमुना उगवला.

रिचर्ड मायनर्त्झहागेन. ब्रिटिश सैन्यातला कर्नल, गुप्तहेर, शिकारी आणि पक्षिशास्त्रातलं दबदबा असलेलं नाव. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, ऑक्टोबर १९१४. तापीकाठचं तेच मांडवी.

झालं. पुस्तकांत नोंद गेली की हा पक्षी १९१४ पर्यंत होता आणि मांडवीला होता. पुढच्या शोधकांनी मांडवीची वाट धरली. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारखी दिग्गज माणसं या पक्ष्याच्या मागावर होती. हाती काही लागलं नाही. हळूहळू सूर असा निघायला लागला की पक्षी नामशेष झाला असावा.

आता १९९० च्या दशकात या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाची तयारी करत होत्या. जुने नमुने तपासताना मायनर्त्झहागेनचे पक्षी त्यांना संशयास्पद वाटले. रानपिंगळ्याचा तो मांडवीचा नमुना त्यांनी आणि नायजेल कोलार यांनी बारकाईने तपासला, क्ष-किरणांखाली पाहिला. प्रत्येक माणसाची कातडं भरायची एक पद्धत असते. आपल्याकडे शिवण बघून शिंपी ओळखतात ना, तसंच. या नमुन्यावर वरवर नवी शिवण होती, पण आतलं काम डेव्हिडसनच्या हातचं निघालं.

अर्थ सरळ होता. डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेला रानपिंगळा कर्नलसाहेबांनी म्युझियममधून लांबवला, उसवून पुन्हा भरला आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली. १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यासह प्रसिद्ध झालं. आणि असे चोरलेले, खोट्या चिठ्ठ्यांचे त्याचे इतरही बरेच नमुने उघडकीला आले.

चोरी एका कातड्याची होती, पण तिने शोधाची दिशा कित्येक वर्षं भरकटवली. इतिहासाच्या कागदपत्रांत हे आपण नेहमी बघतो. एक बनावट सनद, एक खोटी वंशावळ, आणि तीन पिढ्यांचे अभ्यासक तिच्याभोवती फिरत राहतात.

२५ नोव्हेंबर १९९७

मांडवीची नोंद बाजूला काढल्यावर राहिल्या त्या खऱ्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या. काही नाही. मग ते पश्चिमेला, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. तिथलं जंगल बरंच विरळ झालेलं होतं, आशा फारशी नव्हती. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, स्वच्छ उन्हात, बेन किंग यांना तो बसलेला दिसला. रानपिंगळा! १८८४ नंतर पहिल्यांदा. फोटो निघाले, व्हिडिओ निघाला.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. दिसला तो डेव्हिडसनच्याच मुलुखात. डेव्हिडसनची चिठ्ठी खरी होती, म्हणून ११३ वर्षांनंतरसुद्धा ती उपयोगी पडली. मायनर्त्झहागेनचा दबदबा कितीही मोठा असला, तरी त्याच्या चिठ्ठीने कोणालाही पक्ष्यापर्यंत नेलं नाही.

आणि मेळघाट?

आता आपल्या घराकडे वळू.

१९९८ ते २००० या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी ठिकठिकाणची जंगलं तपासली. उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात चार ठिकाणी मिळून २५ रानपिंगळे सापडले. त्या ठिकाणांत मेळघाट होतं. पुढच्या सर्वेक्षणांनी तर चित्रच पालटलं. आज जगातल्या रानपिंगळ्यांचा सगळ्यात भक्कम आधार म्हणून मेळघाटचं नाव घेतलं जातं.

मंडळी, नीट विचार करा. मेळघाट काही अज्ञात प्रदेश नव्हता. चिखलदरा हे वऱ्हाडचं थंड हवेचं ठिकाण. मॅकमास्टर तिथे पक्षी टिपून गेला होता. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. साहेब आले, शिकारी आले, वाघ मोजणारे आले. कोलकासला सिपनाकाठी बसून चहा पिऊन गेले. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. त्या सागाच्या शेंड्यावर दिवसाढवळ्या बसलेल्या वीतभर घुबडाकडे बघून "हा नेहमीचा पिंगळा नाही" असं लिहून ठेवणारं कोणी निघालं नाही. पक्षी जागेवरच होता, नोंद नव्हती.

स्थानिक माणसाच्या ज्ञानाला शास्त्राच्या वहीत जागा मिळाली की काय होतं, याचं एक उदाहरण आंध्रातलं आहे. जर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९०० नंतर दिसला नव्हता. १९८६ मध्ये तो पुन्हा सापडला, तो एका स्थानिक पारध्याच्या मदतीने. त्याला पक्ष्याची चित्रं दाखवली, त्याने ओळखलं, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात पकडूनही दाखवला. शास्त्रज्ञांना शोधायला ८६ वर्षं लागली, पण पारध्याकडे उत्तर तयार होतं.

आपल्याकडे हे काम आयुष्यभर केलं मारुती चितमपल्ली यांनी. मूळ सोलापूरचे, वनखात्यात छत्तीस वर्षं, त्यातली काही मेळघाटात. रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करणं हा त्यांचा ध्यास होता. पक्ष्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावं त्यांनी 'पक्षिकोशा'त आणली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा, सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा. म्हणून २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले.

अजून एक गंमत सांगतो. २०१५ मध्ये गुजरातच्या डांग जिल्ह्यातून रानपिंगळ्याची नोंद प्रसिद्ध झाली. अभयारण्याचं नाव काय माहितीये? पूर्णा. नदी वेगळी, नाव तेच. त्याच्या आदल्या वर्षी तर तो ठाणे जिल्ह्यात तानसाला, मुंबईच्या उंबरठ्यावर दिसला. काय शोधायचं हे कळल्यावर डोळे उघडतात, ते असे.

पूर्णेची वाट आज

मग आता सगळं छान आहे का? नाही.

२०१८ मध्ये आययूसीएनच्या यादीत रानपिंगळा 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' मध्ये आला. पायरी एकच उतरली. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे. त्याला लागतं सागाचं मोकळं, कोरडं जंगल आणि ढोली असलेली जुनी झाडं. जुनं झाड पडलं की त्याचं घर गेलं. शिवाय घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धा आहेतच. ज्या संस्कृतीत पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या पिंगळा जोशाला आपण सूपभर धान्य घालतो, त्याच संस्कृतीत खऱ्या पिंगळ्याला अपशकुनी म्हणून दगड मारतो किंवा जादूटोण्यासाठी त्याचा जीव घेतो.

हे झालं डोंगरावरचं. खाली नदीवर काय? चांदूर बाजारहून कोणाला पूर्णेची वाट धरून पक्षी बघत जायचं असेल तर रस्ता असा लागतो. सुरुवात विश्रोळीच्या धरणावर, डिसेंबर-जानेवारीत, उजाडताना. वऱ्हाडातल्या अशा जलाशयांवर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी ही मंडळी उत्तरेकडून येतात. टिबुकली, हळदीकुंकू बदक, कवड्या खंड्या हे आपले नेहमीचे. मग उजव्या हाताला मेळघाट, नरनाळा, वान, अंबाबरवा ही रांग ठेवून नदीबरोबर पश्चिमेला निघायचं. डाव्या हाताला काटेपूर्णा अभयारण्य, अकोल्याला पाणी देणाऱ्या महानच्या जलाशयाभोवतीचं. पुढे बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य. या दोन्ही नद्या पूर्णेच्याच लेकी. आणि शेवट चांगदेवला, जिथे हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं असतं आणि हिवाळ्यात पाखरांची जत्रा भरते.

या वाटेवर एक पक्षी मुद्दाम बघा: नदीसुरय. नदीतल्या वाळूवर उघड्यावर अंडी घालतो. नदी टिटवीचंही तेच. वाळूचा ट्रॅक्टर गेला की वीण गेली. नदीसुरय आज तुमच्या गावाजवळ दिसत असेल आणि कोणी लिहून ठेवलं नाही, तर वीस वर्षांनी "इथे तो कधी नव्हताच" असं म्हणायला सगळे मोकळे. वाळूउपशाच्या तक्रारीला आधार काय द्यायचा मग?

म्हणून सांगतो, वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती. ओळखता आला नाही तर तसं लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. ई-बर्डसारखं मोबाइल अॅप असेल तर उत्तमच, नसेल तर शाळेची शंभर पानी चालेल. फक्त घरट्याची नेमकी जागा सगळ्या ग्रुपवर टाकू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचा खेळही करू नका. रानपिंगळ्याला याचा फार त्रास होतो, म्हणून मीही मेळघाटातल्या त्याच्या जागा इथे सांगितलेल्या नाहीत.

दीडशे वर्षांपूर्वी ही वही साहेबाच्या हातात होती. एकाने ती प्रामाणिकपणे भरली, एकाची रद्दीत गेली, एकाने तिच्यात खोटं लिहिलं. आता ती कोणाच्याही हातात असू शकते. चांदूर बाजारच्या एखाद्या शाळेतल्या पोरीच्या हातात असली तर अजून बरं. विश्रोळीचं धरण तिला जवळ आहे.

तुमच्या भागात पिंगळ्याला, नदीसुरयाला, टिटवीला काय म्हणतात, तेवढं मात्र आम्हाला नक्की कळवा. वऱ्हाडी, कोरकू, खानदेशी, सगळी नावं चालतील. पुढच्या एखाद्या भागात ती वाचून दाखवू.

तोपर्यंत, राम राम.